फोग्लोचा टपालवाला

एड्ला आणि मी एकाच रात्री जन्मलो,
मध्ये एक तासाचं अंतर,
आणि बर्फावरून कंदील घेऊन धावत आलेली सुईण.
तिचे केस गवतासारखे, माझे डांबरासारखे.
धुरावलेला मासा तिला प्राणाहून प्रिय,
मला त्याच्या वासानंच ओकारी.
सगळं बेट आम्हाला जुळी म्हणायचं
आणि आमचं एक नखसुद्धा जुळत नव्हतं.

आई सांगायची, एका खोलीत दोन बिऱ्हाडं होती ती.
चूल वेगळी, पाणी वेगळं,
भिंत तेवढी सामाईक,
आणि ती दोन्हीकडून लाथांनी ठोठावलेली.

चर्चच्या वहीत आमच्या वर आजीच्या दोन जोड्या आहेत,
त्यांच्या वर तिच्या आईची एक.
त्यातलं एक मूल नाव पडायच्या आधीच गेलं,
तिथे पाद्र्यानं नुसती आडवी रेघ ओढलीय.
बेट म्हणायचं, ह्या घरात जावळी पिकतात.
बटाट्यासारखी.

म्हणून गुनवोर सून होऊन आली तेव्हा
बायकांनी पहिल्याच खेपेला चार मोजे विणून ठेवले.
मारित आली. एकटी.
उरलेले दोन मोजे मी अंगठ्यांवर चढवून
तिच्यापुढे बाहुल्या नाचवल्या, ती हसेपर्यंत.
"एक पिढी सोडून येतं," शेजारी म्हणाले,
जणू हिवाळ्यातलं बोटीचं वेळापत्रक.

ह्या वसंतात मारित अडतिसाची, पोटुशी.
मारियाहाम्नच्या दवाखान्यात मी तिच्याबरोबर गेलो
आणि लाज सोडून विचारलं.
नर्स लिंडरूस म्हणाली,
"बायकोला जुळं झालं नाही त्यात तुमचा दोष नाही.
एकाच महिन्यात दोन अंडी सोडणं, हे बाईच्या देहाचं काम.
तुमच्याकडे अंडाशय नाही."
एवढं मला माहीत आहे, मी म्हणालो.
ती हसली, मग हसायची थांबली.
"पण आईकडून तुमच्यात आलेलं
तुमच्यातून मुलीकडे जाऊ शकतं.
तुमच्या काही कामाचं नसलं तरी."

एकेचाळीस वर्षं ह्या बेटांवर मी टपाल वाहिलं.
अमेरिकेतली पत्रं, कोर्टाची पत्रं,
एकदा एक, ज्याला सफरचंदाचा वास येत होता.
दुसऱ्याचं पाकीट कधी उघडलं नाही.
पण हे एक माझ्याच कातडीच्या आत शिवलेलं,
आणि मला त्याचं वजनही जाणवलं नाही.

किंवा नसेलही.
आईनं माझ्यात टाकलंच नसेल,
मी मारितला दिलंच नसेल.
"आहे असं धरलं, तर शक्यता किती?"
"साधारण दुप्पट," नर्स म्हणाली. "शिवाय वयानंही थोडी वाढते."
दुप्पट.
थोड्याची दुप्पट म्हणजे थोडीच की.
जाळ्यात एकाऐवजी दोन हेरिंग आले
म्हणून कुणी पिंपं धुवायला काढत नाही.

पडद्यावर एक ठिपका धडधडत होता.
नर्सनं यंत्र इकडून तिकडे फिरवलं,
कोपऱ्याकोपऱ्यात शोधलं,
बहुतेक माझ्यासाठीच.
एकच.
"बाबा, तोंड का पडलं?" मारितनं विचारलं.
पडलं नव्हतं.
त्या करड्या अंधारात मला वाटलं,
भिंतीच्या पलीकडून कुणी लाथ मारेल.

एड्लाला जाऊन दोन हिवाळे झाले.
तिला मूल नव्हतं. तिच्यातही ते पाकीट असेल कदाचित,
कुणाच्याच पत्त्यावर न गेलेलं.

परतीच्या फेरीबोटीवर वारा कापत होता.
मारित डेकवर उभी राहून धुरावलेला मासा खात होती,
कागदातून, बोटं चाटत.
वास माझ्यापर्यंत आला.
मी तोंड फिरवलं नाही.